सुखाचे वाटे कोण पाडतो?

चेन्नईतल्या गिंडीत घोड्यांच्या शर्यती १७७७ सालापासून होत आल्या. दोन शतकांहून अधिक काळ माणसे या मैदानावर आली, घोड्याच्या नावावर पैसे लावले आणि ‘एकदा लागला की सुटलो’ ही आशा मनात धरून कठड्याला रेलून उभी राहिली. रेस म्हणजे नशीब की कौशल्य, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९६ मध्ये न्यायालयाने रेस हा कौशल्याचा खेळ ठरवला. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने भाडेपट्टा रद्द करून सुमारे १६० एकरांची ही जमीन ताब्यात घेतली.

गिंडीतच किंग इन्स्टिट्यूटचे जुने आवार आहे. १८९९ मध्ये सुरू झालेली ही संस्था लशींच्या कामासाठी ओळखली जाते. तिच्याच आवारात फेब्रुवारी २०२४ मध्ये वृद्धांसाठीचे राष्ट्रीय केंद्र उघडले, दोनशे खाटांचे. असे केंद्र चेन्नईला मिळाले यात नवल नाही. डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ मध्ये मद्रासच्या सरकारी जनरल हॉस्पिटलात वृद्धांसाठी स्वतंत्र विभाग उभा केला, तेव्हा म्हातारपणाचा वेगळा डॉक्टर असतो हेच आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नव्हते.

मनासारखे घडले तर माणूस किती सुखी होतो? आणि ताकद, कमाई, सोबती असे एकेक हातचे जाऊ लागले की किती दुःखी होतो? सुखाच्या अभ्यासातले हे दोन मोठे प्रश्न गिंडीत असे एकाच वस्तीत नांदतात. ‘सगळे असून कुढणारा’ आणि ‘काही नसताना हसतमुख’ अशी दोन्ही माणसे प्रत्येक मराठी घराला माहीत असतात. त्यांच्यातला फरक कशाने पडतो, हे गेल्या पन्नास वर्षांत बऱ्यापैकी मोजून पाहिले गेले आहे. त्यातली काही उत्तरे सुखावणारी आहेत, काही अस्वस्थ करणारी.

पहिले गाजलेले उत्तर १९७८ चे. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी रक्कम लागलेल्या २२ जणांना गाठले. त्यांच्यासोबत अपघातात कंबरेखालचे किंवा मानेखालचे अंग कायमचे लुळे पडलेले २९ जण घेतले आणि ज्यांच्या आयुष्यात यातले काहीच घडले नव्हते असे २२ जण. प्रत्येकाला विचारले, सध्या तुम्ही किती सुखी आहात? शून्य ते पाच यांत सांगा. लॉटरीवाल्यांची सरासरी आली ४, सामान्य लोकांची ३.८२. लाखो डॉलर हाती येऊनही दोघांत नाव घेण्याजोगा फरक नव्हता. गप्पा मारणे, टीव्ही पाहणे, सकाळचा नाश्ता असल्या रोजच्या बारीकसारीक गोष्टींतला आनंद विचारला, तर त्यात लॉटरीवाले सामान्य माणसांहून मागेच पडले. एकदा आभाळाएवढी गोष्ट घडली की नाश्त्याची चव उतरते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

हा अभ्यास पुढे इतक्या वेळा सांगितला गेला की सांगता सांगता त्याचे रूपच पालटले. ‘लॉटरी लागो की पाय जावोत, माणूस वर्षभरात होता तिथेच येतो’ असे आज व्याख्यानांतून सर्रास ऐकायला मिळते. मूळ आकडे तसे सांगत नाहीत. अपघातग्रस्तांची सरासरी २.९६ होती. कुणीही अंदाज केला असता त्यापेक्षा ती वर होती, मधल्या रेषेच्याही वर होती, हे खरे. पण इतरांपेक्षा ती स्पष्टपणे खाली होती. एवढ्या थोड्या माणसांवरून, तेही एकदाच विचारून, जगभरच्या दुःखाबद्दल निकाल देता येत नाही. दुःखाचा सगळ्यांना सराव होतो असे एकदा ठरवले की दुःखी माणसासाठी काही करायची गरजच उरत नाही, आणि म्हणून या चुकीकडे काणाडोळा करणे मला पटत नाही.

नंतरचे अभ्यास मोठे आणि धीराने केलेले आहेत. स्वीडनमध्ये लॉटरीच्या नोंदी पक्क्या ठेवलेल्या असतात. त्यांच्या आधाराने तीन हजारांहून अधिक लोकांना बक्षीस लागल्यावर बऱ्याच वर्षांनी गाठले गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की मोठी रक्कम लागलेल्यांचे आयुष्याबद्दलचे समाधान वाढलेले होते आणि दहा वर्षांनंतरही ते टिकून होते. रोजच्या मनःस्थितीवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही. घराचे हप्ते, म्हातारपणाची तरतूद, मुलांची शिक्षणे यांची चिंता मिटली की माणूस ‘एकंदरीत बरे चालले आहे’ असे म्हणतो. पण मंगळवारी सकाळी तो चिडलेला असेल की खुशीत, हे बँकेच्या पासबुकावर ठरत नाही.

जर्मनीत १९८४ पासून हजारो घरांना दरवर्षी तेच प्रश्न विचारले जात आहेत. त्यामुळे लग्न, वैधव्य, नोकरी जाणे, अपंगत्व यांच्या आधी आणि नंतर तोच माणूस काय म्हणतो हे पाहता येते. लग्नाने वाढलेले समाधान सरासरीने दोनेक वर्षांत पूर्वीच्या पातळीला उतरते. जोडीदार गेल्यावर मूळ पातळीच्या जवळ यायला सुमारे आठ वर्षे लागतात. कायमचे अपंगत्व आले तर पातळी खालीच राहते. नोकरी गेलेल्यांचा निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये सुमारे २४,००० लोकांची पंधरा वर्षांची माहिती तपासली. ज्यांची नोकरी गेली होती, त्यांना पुढे दुसरी मिळाली तरी ते सरासरीने आधीइतके समाधानी झालेच नाहीत. पगार परत आला, पण मनावरचा ओरखडा राहिला. गिंडीची औद्योगिक वसाहत १९५८ पासूनची, छोट्या कारखान्यांची. तिथला कामगार असो की गिरणगावातला, त्याला हे सांगायला जर्मन आकडे लागत नाहीत. १९८२ च्या संपानंतर गिरणी कामगारांच्या घरांत काय उतरले, ते मुंबईने पाहिले आहे.

मग ‘काही नसताना हसतमुख’ माणसाचे काय? इथे स्वभाव येतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने जुळ्यांची मोठी नोंद ठेवली आहे. डेव्हिड लिकेन आणि ऑके टेलेगन यांनी १९९६ मध्ये त्यातल्या जुळ्यांची समाधानाची उत्तरे ताडून पाहिली. रूपाने अगदी एकसारखी जुळी, लहानपणीच ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेली असली, तरी सुखाच्या बाबतीत एकमेकांच्या बरीच जवळ होती. भिन्न जुळी एकाच घरात वाढूनही तितकी जवळ नव्हती. पगार, शिक्षण, लग्न यांवरून सुखाचा अंदाज करता येत नव्हता तेवढा जुळ्या भावंडाच्या उत्तरावरून येत होता. पुढच्या अनेक अभ्यासांनी हे आकडे खाली आणले. आज साधारणपणे असे धरले जाते की माणसामाणसांच्या समाधानात दिसणाऱ्या फरकापैकी ३० ते ४० टक्के फरक आनुवंशिक आहे.

या टक्केवारीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण इथे फार गफलत होते. ‘माझे ४० टक्के सुख आईवडिलांकडून आले’ असा तो नाही. एकाच प्रतीच्या, सारखे पाणी मिळणाऱ्या जमिनीत वेगवेगळे बियाणे पेरले तर पिकातला जवळजवळ सगळा फरक बियाण्याचा दिसेल. एक वावर खडकाळ, दुसरे काळ्या मातीचे असेल तर त्याच बियाण्याचा वाटा कमी दिसेल. आनुवंशिकतेचा आकडा असा परिस्थितीवर अवलंबून असतो. हे बहुतेक अभ्यास अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या मध्यमवर्गीय माणसांवर झाले, जिथे पाणी, औषध, छप्पर याबाबत माणसामाणसांत फारसा फरक उरलेला नाही. आपल्याकडची जमीन इतकी एकसारखी नाही. स्वतः लिकेन यांनीही आपला आधीचा कडक निष्कर्ष पुढे सौम्य केला.

तरीही स्वभावाचा वाटा नाकारू नये. एकाच घरातली दोन भावंडे एकाच संकटातून जातात, एक सहा महिन्यांत उभा राहतो आणि दुसऱ्याला सहा वर्षे पुरत नाहीत. दुसऱ्याला ‘तू मनाने कमकुवत आहेस’ म्हणणे जितके चूक, तितकेच त्याला ‘सकारात्मक विचार कर’ म्हणून सोडून देणे. ज्याचा पिंडच काळजीचा आहे त्याला अधिक आधार लागतो. उंची कमी म्हणून कुणी कुणाला दोष देत नाही. मनाच्या घडणीलाही तोच न्याय लावायला हवा.

गिंडीत सुखाची आणखी एक परीक्षा रोज चालते, ती तुलनेची. १७९४ मध्ये सर्व्हेच्या शाळेच्या रूपाने सुरू झालेले आणि पुढे गिंडीत आलेले इंजिनिअरिंग कॉलेज इथे आहे, आणि लागूनच, गिंडीच्याच जंगलातली जमीन घेऊन १९५९ मध्ये उभे राहिलेले आयआयटी मद्रास. जिल्ह्यात पहिला आलेला मुलगा इथे येतो आणि वर्गात शंभर जण आपल्यासारखेच, काही आपल्याहून सरस पाहतो. कालपर्यंतची हुशारी तीच, पण मोजायची पट्टी बदललेली. निवडक विद्यार्थ्यांच्या शाळांत स्वतःच्या बुद्धीविषयीचे मत खाली उतरते, हे हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून अनेक देशांत दाखवून दिले आहे.

तुलना किती खोल जाते हे १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकच्या चित्रफितींवरून कळते. व्हिक्टोरिया मेडवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेत्यांचे चेहरे अनोळखी लोकांना दाखवून त्यांच्या आनंदाला गुण द्यायला सांगितले. कांस्यपदक मिळालेले खेळाडू रौप्यपदकवाल्यांपेक्षा अधिक आनंदी दिसले. दुसरा आलेला वर पाहत होता, थोडक्यात हुकले म्हणून. तिसरा आलेला खाली पाहत होता, पदक तरी हाती आले म्हणून. पगाराचेही तसेच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांना सहकाऱ्यांचे पगार एका संकेतस्थळावर पाहता येतात असे कळवण्यात आले. ज्यांना आपला पगार खात्यातल्या मधल्या पातळीहून कमी असल्याचे दिसले त्यांचे समाधान घसरले. ज्यांचा जास्त निघाला त्यांचे मात्र वाढले नाही. २०१२ मधला हा निष्कर्ष मी तरुण मंडळींना आवर्जून सांगतो. तुलनेच्या व्यवहारात हरणारा गमावतो आणि जिंकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. दिवसातून पन्नास वेळा हातातल्या पडद्यावर दुसऱ्यांच्या सहली, गाड्या आणि लग्नमंडप पाहणाऱ्या पिढीला हा हिशेब वेळीच कळला पाहिजे.

आता सोबतीकडे येतो. संध्याकाळी गिंडी स्टेशनच्या पुलावर उभे राहिले तर तांबरम् बाजूची लोकल, मेट्रोकडे जाणारी रांग आणि वसाहतीतून सुटलेली पाळी यांची एकच गर्दी होते. खांद्याला डब्याची पिशवी, डोळे इंडिकेटरवर, चेहरा मिटलेला. डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांकडून आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशेब घेतला, कोणत्या वेळी कसे वाटत होते याचा. कामावर जातानाचा प्रवास सगळ्यांत खालच्या पायरीवर होता आणि आपल्या माणसांसोबत घालवलेला वेळ वरच्या. आकड्यांत न सापडणारी एक गोष्ट मुंबईने मात्र करून दाखवली. लोकलच्या डब्यात भजनी मंडळे जमली, बायकांच्या डब्यात हळदीकुंकू झाले, भाज्या निवडल्या गेल्या. तोच तासाभराचा त्रास, पण ओळखीच्या चेहऱ्यांमध्ये.

हार्वर्डमध्ये १९३८ पासून चालू असलेल्या अभ्यासाने ७२४ मुलांना त्यांच्या म्हातारपणापर्यंत सोडले नाही. त्यांत हार्वर्डचे विद्यार्थी होते तसे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतलेही. पन्नाशीत जे आपल्या नात्यांबद्दल समाधानी होते, ते ऐंशीत अधिक धडधाकट निघाले. त्यांच्या तब्येतीचा अंदाज कोलेस्टेरॉलपेक्षा नात्यांवरून चांगला येत होता. आपल्या देशातला याच धर्तीचा पुरावा कोलकात्याचा आहे. रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी २००१ मध्ये तिथल्या झोपडपट्टीतल्या, फुटपाथवरच्या आणि देहविक्री करणाऱ्या ८३ जणांशी बोलून मांडणी केली. एकंदर आयुष्याबद्दल ती माणसे नाराजीकडेच झुकत होती, पण कुटुंब, मैत्री, स्वतःचे चारित्र्य याबद्दल समाधान सांगत होती. पुढे अमेरिकेतल्या बेघरांशी तुलना केली तेव्हा कोलकात्याच्या फुटपाथवरचे लोक अधिक समाधानी निघाले. खाणे, औषधपाणी याबाबत अमेरिकेतल्या बेघरांची स्थिती त्यांच्यापेक्षा बरी होती, पण त्यांना घरचे फारसे कुणी उरले नव्हते.

या अभ्यासाचा दुरुपयोग फार होतो. ‘बघा, गरीब सुखी असतात’ असे म्हणून गाडीची काच वर करणारे आपल्यात आहेत. त्यांनी मूळ आकडे वाचावेत. ज्या फुटपाथवरच्या माणसाला बायकोमुलांची सोबत आहे, तोही आपल्या मिळकतीबद्दल आणि राहण्याच्या जागेबद्दल समाधानी नव्हता. नात्यांनी त्याला बुडू दिले नाही, एवढेच. पैसा आणि सुख यांच्याबद्दल काहनेमन यांनीच २०१० मध्ये म्हटले होते की अमेरिकेत वर्षाला ७५,००० डॉलरनंतर रोजचा आनंद वाढत नाही; मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांच्या माहितीत तसे दिसले नाही. शेवटी दोघांनी मिळून २०२३ मध्ये माहिती पुन्हा तपासली आणि असे दिसले की बहुतेकांचा आनंद पैशाबरोबर वाढतच जातो. ठरावीक रकमेनंतर थांबतो तो फक्त सर्वांत दुःखी गटाचा. ज्याचे दुःख वियोगाचे किंवा नैराश्याचे आहे, त्याचे पैशाने एका मर्यादेपलीकडे काही होत नाही.

मग म्हातारपणात सुख कमी होते का? याचे उत्तर आपल्याच देशात तयार झाले. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने पुढाकार घेऊन २०१७–१८ मध्ये ४५ वर्षांवरच्या सुमारे ७२,००० भारतीयांची पाहणी केली. पाहणीची माणसे घरोघर गेली, तब्येत, जेवण, मिळकत, जात, शिक्षण, घरात कोण कोण आहे, आयुष्य कसे वाटते, सगळे विचारून आली. त्या माहितीवर २०२४ च्या जागतिक आनंद अहवालात स्वतंत्र प्रकरण आहे. या अहवालाच्या क्रमवारीत भारत खाली असतो, २०२५ मध्ये १४७ देशांत ११८ वा. वर्तमानपत्रे तेवढेच छापतात. आतले प्रकरण अधिक वाचण्याजोगे आहे.

वय वाढते तसे भारतीयांचे समाधान वाढते, असे त्यात दिसले. उतारवयातले समाधान श्रीमंत देशांपुरते आहे असे मानले जाई, तसे नाही. समाधानाशी सर्वांत जवळचे नाते होते ते राहण्याच्या व्यवस्थेबद्दलच्या समाधानाचे. त्याखालोखाल आपल्याला कमी लेखले जाते का ही भावना आणि स्वतःला वाटणारी स्वतःची तब्येत. म्हणजे मुलाकडे राहणे चांगले की एकटे राहणे, असा हा प्रश्न नव्हता. जिथे राहतो तिथे आपल्याला बरे वाटते का, हा होता. मुलाच्या तीन खोल्यांच्या घरात हॉलमधल्या दिवाणावर झोपणारे, टीव्हीचा आवाज कमी करायला सांगायला बिचकणारे आजोबा आणि गावच्या घरात एकट्या, पण शेजारणींच्या राबत्यात राहणाऱ्या आजी, यांच्यात कोण समाधानी असेल हे घरात किती माणसे आहेत यावरून कळत नाही.

त्याच माहितीत दुसरी बाजूही आहे. माध्यमिक किंवा त्यापुढचे शिक्षण झालेले वृद्ध अधिक समाधानी होते. ज्यांना शाळा मिळाली नाही ते कमी. अनुसूचित जाती-जमातींतल्या वृद्धांचे समाधान उच्च मानल्या गेलेल्या जातींतल्या वृद्धांपेक्षा कमी होते. वृद्ध स्त्रियांचे पुरुषांपेक्षा कमी होते. आणि शिक्षण, तब्येत, वागणूक असे बाकीचे सगळे फरक हिशेबात घेतल्यावर मात्र उलटे झाले, स्त्रिया पुढे गेल्या. स्त्रीचा स्वभाव रडका, हे घरोघरचे मत या एका आकडेवारीने खोटे ठरते. तिच्या वाट्याला आलेले कमी शिक्षण, दुखणी आणि वागणूक बाजूला काढली, तर ती पुरुषापेक्षा समाधानी आहे.

म्हणून ‘सुख मानण्यावर असते’ हे वाक्य मला अर्धेच खरे वाटते. पिंडाचा वाटा आहे आणि तो आपल्या हातात नाही. पण नोकरी गेलेल्याला पुन्हा उभे करणे, मुलीला शाळेत टिकवणे, कुणालाही जातीवरून कमी न लेखणे हे आपल्या हातात आहे; हे वाटे माणसांनीच पाडलेले आहेत आणि माणसांनाच बदलता येतात. गिंडीतल्या वृद्धांच्या केंद्रासारखी केंद्रे दर मोठ्या शहरात हवीत, महाराष्ट्रातही हवीत. आपल्या गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघाला आणि विरंगुळा केंद्राला बसायला धड जागा आहे का, तिथे बाया येऊ शकतात का, हे पाहणे तर कुणालाही जमण्यासारखे आहे. आणि तुमच्या घरात साठी ओलांडलेले कुणी असेल, त्यांनी कुठे आणि कसे राहायचे याचा विचार तुम्ही भावंडे मिळून करत असाल, तर तो पक्का करण्याआधी त्यांना समोर बसवून विचारा.